दिव्यांगांची घरगुती शुश्रूषा : खर्च कोणाचा, मदत कोठून?

पक्षाघात, मणक्याची इजा, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या घरी उपचारांपेक्षा शुश्रूषेचाच खर्च मोठा असतो. रुग्णालयाचे बिल एकदाच भरावे लागते, मात्र ब्युरोकडून आलेल्या आयाबाईंचा किंवा परिचारिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि तो वर्षानुवर्षे चालू राहतो. हा पैसा सरकार, विमा कंपनी किंवा अन्य कोणाकडून मिळू शकतो का, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. केवळ घरगुती शुश्रूषेसाठी सर्वांना लागू होणारी एकही योजना महाराष्ट्रात नाही. मदत आहे, पण ती वेगवेगळ्या खात्यांत आणि निरनिराळ्या नावांखाली विखुरलेली आहे.

प्रथम कायद्याकडे पाहावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमात, अधिक साहाय्याची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ३८ व्या कलमानुसार अशा व्यक्तीला किंवा तिच्या वतीने इतरांना अधिक साहाय्याची मागणी करणारा अर्ज करता येतो आणि मूल्यमापन मंडळ त्यावर निर्णय देते. मात्र २४ व्या कलमाच्या आरंभीच सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी मेख मारून ठेवलेली आहे. परिणामी भत्ता मिळेल की नाही आणि मिळालाच तर किती, हे राज्याराज्यांवर अवलंबून राहते. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ ही योजना आखली. तिची रक्कम दरमहा ६०० रुपये, म्हणजे तुटपुंजीच आहे. तरीही देखभाल हे काम आहे आणि त्याला मोल आहे, हे तत्त्व तिने मान्य केले.

महाराष्ट्रात तहसील कार्यालयामार्फत मिळणारे संजय गांधी निराधार अनुदान हाच गरीब कुटुंबांचा मुख्य आधार आहे. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. मुंबई महापालिकेने २०२४-२५ पासून पाच वर्षांसाठी स्वतंत्र अर्थसाहाय्य योजना सुरू केली आहे. तीत ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दरमहा ३,००० रुपयांच्या हिशेबाने, तर ४० ते ८० टक्क्यांपर्यंत १,००० रुपयांच्या हिशेबाने सहामाही रक्कम दिली जाते. अन्य स्थानिक स्वराज्य संस्थांनीही स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. त्यातून कोणती योजना राबविली जाते, याची चौकशी आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत करणे इष्ट. या रकमांतून चोवीस तासांची परिचारिका ठेवता येणार नाही, हे सांगायला नकोच.

विमा कोठे थांबतो?

शहरी मध्यमवर्गाची खरी निराशा होते ती आरोग्य विम्याच्या बाबतीत. ‘डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’ हे शब्द पॉलिसीत पाहून घरच्या शुश्रूषेचा खर्च मिळेल असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ही सवलत रुग्णालयात दाखल करण्याजोग्या आजारासाठी असते. रुग्णाला हलविणे अशक्य असेल किंवा खाट उपलब्ध नसेल, तेव्हा घरी घेतलेले उपचार तीत धरले जातात. दीर्घकालीन देखभालीला याच पॉलिसीतील दुसरे कलम आडवे येते. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांपैकी पाचवा अपवाद विश्रांती उपचार, पुनर्वसन आणि तात्पुरत्या देखभालीचा आहे. आंघोळ, कपडे घालणे, हालचाल यांसाठीची घरातील मदत त्यात वगळलेली आहे, मग ती मदत प्रशिक्षित परिचारिका करो की आया. पॉलिसी घेताना हे एक कलम वाचले, तरी पुढचा मनस्ताप टळतो. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतील परिचारिकेचा खर्च काही कंपन्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावर देतात. आयुष्मान भारत योजनेतही घरी गेल्यानंतरचे १५ दिवसच धरले आहेत.

राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना वेगळी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना तीत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणीही नाही. बाह्यरुग्ण उपचार, थेरपी व प्रवासखर्च यांचा तीत समावेश आहे. आयाबाईंचा पगार मात्र येथेही मिळत नाही. थेरपीचा खर्च हलका झाल्याने तो पैसा शुश्रूषेकडे वळविता येतो, एवढाच काय तो दिलासा.

प्राप्तिकर कायद्यात मात्र ‘शुश्रूषा’ हा शब्द थेट आढळतो. १९६१ च्या कायद्यातील ८०-डीडी कलमाने परिचित असलेली वजावट अवलंबून असलेल्या दिव्यांग पती-पत्नी, अपत्ये, आई-वडील किंवा भावंडांच्या शुश्रूषेसह वैद्यकीय उपचार, प्रशिक्षण व पुनर्वसनासाठी आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये, अशी ती ठोक वजावट आहे. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी ती घटत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे १,२५,००० रुपयांच्या वजावटीमुळे वर्षाला, उपकर धरून, ३९,००० रुपये वाचतात. अट एकच, पण महत्त्वाची : नवी करप्रणाली निवडल्यास ही वजावट मिळत नाही. घरात दिव्यांग व्यक्ती असलेल्यांनी दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडल्याखेरीज निवड करू नये.

अपघातग्रस्तांचा दावा

दिव्यांगत्व रस्ते अपघातामुळे आले असेल, तर चित्र पुष्कळ बदलते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे देखभालीच्या भावी खर्चाचीही भरपाई मागता येते. हरियाणातील एका बारा वर्षांच्या मुलीला २००७ मधील अपघातानंतर १०० टक्के दिव्यांगत्व आले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचा प्रत्येकी ५,००० रुपये मासिक खर्च ग्राह्य धरला आणि १८ चा गुणक लावून केवळ या सदरात २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. एकूण भरपाई ६२ लाख २७ हजार रुपयांची होती.  दावा दाखल करताना हा खर्च औषधोपचारांत न मिसळता स्वतंत्र सदराखाली मागावा, हे या निकालातून दिसते.

सैन्यदलांतील आणि केंद्र सरकारी सेवेतील कर्मचाऱ्यांना कर्तव्यावर असताना १०० टक्के दिव्यांगत्व आल्यास ‘सतत देखभाल भत्ता’ मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, तो दरमहा ६,७५० रुपये ठरला. खासगी नोकरदारांसाठी त्या तोडीचे काही नाही.

यांपैकी बहुतेक ठिकाणी पहिला कागद लागतो तो ‘यूडीआयडी’ ओळखपत्राचा. त्यावरील टक्केवारीवर पुढचे सारे अवलंबून असते. ८० टक्क्यांच्या खाली आणि वर यांतील फरक मुंबईत दरमहा २,००० रुपयांचा, तर करवजावटीत ५०,००० रुपयांचा पडतो. म्हणून प्रकृती खालावल्यास फेरतपासणीचा अर्ज करण्यात संकोच करू नये. ब्युरोला दिलेल्या पैशांची पावती रुग्णाच्या नावाने आणि तारखांसह घ्यावी. रोख पगार देत असल्यास आयाबाईंची सही घेतलेली वही ठेवावी आणि शुश्रूषेची गरज नमूद केलेले डॉक्टरांचे पत्र दरवर्षी नव्याने घेऊन फायलीत लावावे.