अंतर-काल आलेख कसा काढायचा, कसा वाचायचा?

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ या धड्यात अंतर-काल आलेख येतो. ठाण्याच्या मुलांसाठी त्याचे सोपे उदाहरण म्हणजे लोकल.

सीएसएमटी ते ठाणे ३४ किमी. धीमी लोकल साधारण ६० मिनिटे घेते असे धरू. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. प्रमाण १ सेमी = ५ मिनिटे आणि १ सेमी = २ किमी घेतले, की आलेख १२ सेमी रुंद, १७ सेमी उंच होतो; कागदावर व्यवस्थित मावतो. प्रमाण कोपऱ्यात लिहायचेच.

खरी गडबड वाचताना होते. रेषा म्हणजे रस्त्याचे चित्र, असा अनेकांचा समज असतो. वर्तकनगरहून स्टेशनकडे निघालेली बस कोंडीत अडकली, की रेषा आडवी होते. वर जाणारी रेषा म्हणजे घाट नव्हे. रेषेचा चढ म्हणजे वेग. जितका चढ जास्त तितका वेग जास्त. वेग-काल आलेखात मात्र तीच आडवी रेषा ‘वेग कायम आहे’ असे सांगते, म्हणून आधी अक्षांची नावे वाचावीत.

आता १० मिनिटे उशिरा सुटलेली, ४५ मिनिटांत ठाणे गाठणारी जलद लोकल त्याच कागदावर काढा. थांबे सोडून सरळ रेषा घेतल्या, तर त्या ४०व्या मिनिटाला, २३ किमीच्या जरा अलीकडे, म्हणजे विक्रोळीच्या आसपास छेदतात. तिथे जलद गाडी धीमीला मागे टाकते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षातही गाड्यांचे असेच आलेख वापरतात.