रायट, असॉल्ट, कर्फ्यू : भांडण-दंग्याच्या बातम्यांतले इंग्रजी शब्द, त्यांचा नेमका अर्थ काय?

जुना जालना : कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. जुन्या जालन्याच्या पोलीस ठाण्याचं नाव आजही 'कदीम जालना'. कदीम म्हणजे जुना. ठाण्याची भाषा खेड्यातल्या माणसाला कायमच परकी राहिली. फिर्याद, जामीन, मुद्देमाल हे शब्द बाहेरूनच आले, पण ऐकून ऐकून आपले झाले. आता मोबाईलवर इंग्रजी बातमी येते, एफआयआरमध्ये कलमं येतात आणि पोरगा दहावी-बारावी शिकलेला असला तरी अडतो. कारण हे शब्द शाळेच्या पुस्तकात फारसे भेटत नाहीत.

बांधाच्या भांडणावरून पाहिलं तर शब्द लवकर ध्यानात राहतात. बांध कोरला म्हणून दोन भावांत वाद आहे, तो 'डिस्प्यूट'. शेतात तोंडातोंडी झाली, ती 'ऑल्टर्केशन'. गचांडी धरली, झटापट झाली, ती 'स्कफल'. हेच वैर आज्यापासून नातवापर्यंत चालत आलं तर 'फ्यूड', म्हणजे आपली भाऊबंदकी. बरेच जण मिळून एकमेकांत भिडले आणि कोण कोणाला मारतंय तेच कळेना, तर त्याला 'मेले' म्हणतात. बातमी ऐकताना हा शब्द आला तर घाबरू नये, त्यात कोणी मेलेलं असतंच असं नाही.

'असॉल्ट' हा शब्द मात्र फसवा आहे. बातमीत त्याचा अर्थ मारहाण. कायद्यात मात्र आता हा मारतोच असं समोरच्याला वाटेल अशा रीतीने हात किंवा काठी उगारली, तरी तो असॉल्ट होतो. अंगाला हात लागलाच पाहिजे असं नाही. लागलं तर 'हर्ट'. हाड मोडलं, दात पडला तर 'ग्रीव्हस हर्ट', म्हणजे गंभीर दुखापत. शिक्षा इथं एकदम वाढते.

'अफ्रे' आणि 'रायट' यात फरक काय?

दोन किंवा जास्त माणसं सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग करतात, तो 'अफ्रे'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम १९४ आहे. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'रायट' म्हणजे दंगा. त्याला शहर पेटावं लागत नाही. पाच किंवा जास्त माणसं बेकायदा हेतूने जमली की 'अनलॉफुल असेंब्ली', कलम १८९. त्यातल्या एकानेही त्या हेतूसाठी बळ वापरलं की सगळेच दंग्याचे आरोपी, कलम १९१, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे बांधावर पाच चुलतभाऊ भांडायला गेले आणि काठी एकाने चालवली, तरी नाव पाचही जणांचं येऊ शकतं. नुसते पाच जण पारावर बसले तर गुन्हा नाही, हेतू बेकायदा असावा लागतो.

यातलं एखादं पोरगं पोलीस भरतीची तयारी करत असेल तर त्याचा घोर सगळ्यात मोठा. चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्ह्याची माहिती द्यावी लागते, आणि लपवली तर ते आणखी अंगाशी येतं.

'कर्फ्यू' आणि जमावबंदी हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एक समजले जातात. जमावबंदीत पाच किंवा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही, पण एकटा माणूस दुकानाला जाऊ शकतो. कर्फ्यू म्हणजे संचारबंदी, घराबाहेरच पडायचं नाही. २६ फेब्रुवारी २०२४ ला अंबड तालुक्यात लागू झाली ती संचारबंदी. तेव्हा दोन्हीला कलम १४४ म्हणायचे; आता तो अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ 'विस्तव झाका'. रात्री ठरल्या वेळी चूल विझवायची असा तिकडे नियम होता.

'मॉब' म्हणजे बिथरलेला जमाव, 'आर्सन' म्हणजे जाळपोळ, 'स्टँपीड' म्हणजे चेंगराचेंगरी, 'अनरेस्ट' म्हणजे अशांतता, 'मेहेम' म्हणजे नुसता हाहाकार.

काही शब्द तर इंग्रजांनीच आपल्याकडून नेले. लूट, ठग, डकैत, लाठी, धरणे, घेराव, बंद हे सगळे आज इंग्रजी शब्दकोशात आहेत. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत जे झालं, त्याच्या इंग्रजी बातम्यांतही 'लाठीचार्ज' हाच शब्द होता. अर्धा आपला, अर्धा त्यांचा.

ठाण्यात गेल्यावर

दखलपात्र गुन्हा असेल तर 'एफआयआर', नसेल तर 'एनसी', म्हणजे अदखलपात्र नोंद. एनसीत पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, म्हणून आपली नोंद कशात झाली हे जागेवरच विचारावं. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यावी लागते, तिला 'झिरो एफआयआर' म्हणतात. सही करण्याआधी जबाब वाचून घ्यायचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणायचं. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती घेऊन त्यातले कलम क्रमांक घरी शिकलेल्या पोराकडून नीट पाहून घ्यावेत.