फिरते इंजिन आणि त्याचा सायलेन्सर

या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील, म्हणून मी वेगळा विषय घेते. पदवी इंजिनिअरिंगची असली तरी पोटापाण्याला सॉफ्टवेअर आले. यंत्रांच्या इतिहासाची ओढ मात्र सुटली नाही. हा इतिहास सायलेन्सरचा आहे, तोही घरी बांधलेल्या विमानाच्या. अमेरिकेत सायलेन्सरला ‘मफलर’ म्हणतात. आपल्याकडे मफलर म्हटले की हुरड्याच्या दिवसांत गळ्याभोवती गुंडाळायची वस्तू आठवते.

अकलूजच्या माणसाला इंजिनाचा आवाज नवा नाही. नीरेकाठची डिझेल इंजिने, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, सायलेन्सर बदललेली बुलेट, सगळे आपण ऐकले आहे. इंजिनात कोंडलेला गरम वायू एकदम बाहेर सुटतो, त्याचा हा आवाज. सायलेन्सर त्या वायूला पसरायला जागा देतो, ध्वनीच्या लाटा आतल्या आत परतवतो आणि धक्का मऊ करून बाहेर सोडतो. रस्त्यावर हे सोपे आहे, कारण तिथे वजनाची आणि जागेची फारशी अडचण नसते. विमानात दोन्हींची असते.

‘रोटरी इंजिन’ या नावाची दोन वेगवेगळी यंत्रे इतिहासात झाली. पहिले फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचे १९०८ चे ‘नोम’. त्यात शाफ्ट स्थिर असे आणि सिलिंडरच गरागरा फिरत. वंगणाला एरंडेल तेल. पहिल्या महायुद्धात हरदित सिंग मलिक यांनी चालवलेले ‘सॉपविथ कॅमल’ विमान याच जातीच्या इंजिनावर उडे. फिरत्या सिलिंडरला धुराची नळी जोडणार कशी? त्यामुळे सायलेन्सरचा प्रश्नच आला नाही. आवाज वैमानिकाने सोसायचा.

दुसरे यंत्र जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचे. एनएसयू कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. एक फुगीर त्रिकोणी रोटर अंडाकृती घरात फिरतो. जपानच्या माझदाने हे इंजिन गाडीत यशस्वी केले आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या ‘७८७बी’ गाडीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. त्या गाडीची किंचाळी आजही लोक आवडीने ऐकतात. पण शर्यतीत जो आवाज कौतुकाचा, तोच शेजारी राहणाऱ्याला त्रासाचा.

हा आवाज इतका का? साध्या इंजिनात धुराचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. वांकेलमध्ये रोटरची कड धुराच्या तोंडावरून सरकली की ते जवळजवळ एकदम उघडते. शिवाय ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्याने इंधन उशिरापर्यंत जळत राहते. बाहेर पडणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असू शकतो.

इथे शाळेतले विज्ञान कामी येते. शाफ्टच्या प्रत्येक फेरीत एका रोटरचा एक स्फोट. दोन रोटरचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर चालले तर सेकंदाला २०० स्फोट, म्हणजे २०० हर्ट्झचा सूर. साध्या हवेत या सुराची लाट सुमारे १.७ मीटर लांब. पण तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि लाट सव्वातीन मीटरच्या पुढे जाते. आवाज परतवणाऱ्या पोकळीची लांबी साधारण लाटेच्या पावपट लागते. गार हवेच्या हिशेबाने ४३ सेंटिमीटर पुरले असते, प्रत्यक्षात ८० च्या वर लागतात. एवढे लांब, तापून लाल होणारे नळकांडे छोट्या विमानाला कुठे लावायचे, ही खरी अडचण.

ही अडचण हौशी विमानबांधकांच्या वाट्याला आली. अमेरिकेत १९५३ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. पुढे काहींनी माझदाचे १३०८ सीसीचे ‘१३बी’ इंजिन विमानात बसवले, कारण फिरणारे भाग कमी आणि जुन्या गाड्यांतून ते स्वस्तात मिळे. मग सायलेन्सर जळू लागले. आत भरलेले लोकरीसारखे तंतू उडून जात, पातळ पत्रा तडकत असे. आतला पडदा सुटून तोंडाशी अडकला तर उड्डाणातच ताकद जाते. तडा इंधनाच्या नळीजवळ गेला तर आग. म्हणून जाड स्टेनलेस किंवा निकेलचा मिश्रधातू, सुटतील असे भाग शक्यतो नाहीत, तापल्यावर लांबी वाढायला सरकते सांधे, अशी वाट त्यांनी धरली. नळी फार आवळली तर जळका वायू परत आत शिरून ताकद कमी होते. शांतता हवी तर वजन किंवा ताकद, काहीतरी सोडावेच लागते.

लष्करालाही हेच कळले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडने ‘क्यू-स्टार’ हे शांत विमान वांकेल इंजिनावर उडवले. व्हिएतनाममध्ये मात्र साध्या पिस्टन इंजिनाचे ‘वायओ-३ए’ गेले. त्याचा सायलेन्सर विमानाच्या अंगालगत लांबवर नेला होता आणि पंखाही हळू फिरवला होता, कारण धुराचा आवाज दबला की पंख्याचा ऐकू येतो.

आता घराजवळ येऊ. टेंभुर्णी-करमाळामार्गे आपण ज्या नगरला जातो, तिथल्या वाहन संशोधन संस्थेने, म्हणजे व्हीआरडीईने, बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई यांच्यासह ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन घडवले. वजन सुमारे ३० किलो. गाभा एनएएलचा, इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था नगरची. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ ‘निशांत’ हे वैमानिकरहित टेहळणी विमान या इंजिनावर उडाले आणि १.८ किलोमीटर उंचीवर गेले. पुढे सैन्याची निशांत विमाने अपघातांत पडली आणि २०१५ मध्ये नवी मागणी थांबली. तरी हे इंजिन आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

घरी विमान बांधणेही आता परदेशापुरते राहिलेले नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांचे विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात सगळ्यांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. उद्या कुणी असे विमान आपल्या भागातल्या माळावर उडवील. तेव्हा खालची वस्ती त्याला किती दिवस सोसेल, हे त्याच्या सायलेन्सरवर ठरेल. इंजिन करणाऱ्याचे नाव राहते, ते शेजाऱ्यांना सुसह्य करणाऱ्याचे सहसा राहत नाही.

म्हणून आपल्या तुकडीला एक सुचवते. स्कूटरचा एक जुना सायलेन्सर उभा चिरून, आतले कप्पे दिसतील असा, शाळेच्या प्रयोगशाळेला भेट देऊ. गॅरेज चालवणारे आपल्यात आहेतच. चिरायचे काम त्यांचे, माहितीचा फलक मी लिहून देते.