बुडणे, बाप्तिस्मा आणि बाटणे

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या मुलखात 'बुडणे' हे क्रियापद फार राबते. वैतरणेला पूर आला की वाट बुडते, कामावर गेले नाही की मजुरी बुडते. कुणी कर्जात बुडतो, कुणी दारूत. व्याकरणाच्या तासाला याचे प्रयोग मुलांकडूनच मिळतात.

ग्रीकांचे 'बाप्तिझो' असेच राबणारे क्रियापद होते. त्याचा मूळ अर्थ बुडवणे, बुचकळणे. यहुदी इतिहासकार जोसेफस ते बुडत्या जहाजासाठी वापरतो. प्लुटार्कच्या लेखणीत रोमचा ओथो कर्जात बुडतो, तो याच शब्दाने. आणि प्लेटोचा अॅरिस्टोफेनीस आदल्या रात्री मद्यात बुडाल्याची कबुली देतो, तीही याच शब्दाने. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कोडी सेनापती नामान यार्देन नदीत सात बुड्या मारतो. नव्या करारात योहानाच्या हातून हा शब्द विधी बनला, तरी लूकच्या शुभवर्तमानात तो जेवणापूर्वीच्या शुद्धीलाही लागतो आणि येशूवर येऊ घातलेल्या यातनांनाही.

अशा शब्दाचे भाषांतर करायचे कसे? श्रीरामपूरचा विल्यम कॅरी बाप्टिस्ट पंथाचा. त्याच्या मंडळींनी बंगालीत 'बुडवणे' या अर्थाचाच शब्द घातला. डोक्यावर पाणी शिंपडणाऱ्या पंथांना तो कसा रुचावा? १८३० नंतरच्या दशकात बायबल सोसायटीने अशा भाषांतरांना पैसा नाकारला. ग्रीक शब्द तसाच ठेवा म्हणजे सर्व पंथांना एकच पुस्तक चालेल, हा त्यामागचा हिशेब. चिडलेल्या बाप्टिस्टांनी १८४० साली आपली निराळी संस्था काढली. एका क्रियापदापायी एवढे रामायण!

मराठीत 'बाप्तिस्मा' हेच नाव रुजले. क्रियापद गेले, नाम उरले. मग त्याला 'देणे' आणि 'घेणे' यांचे टेकू लावावे लागले. शब्द परका, म्हणून अर्थ रिकामा. आणि भाषेत रिकामी जागा फार दिवस राहत नाही. समाजाने तेथे आपले क्रियापद आणून बसवले : 'बाटणे'. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लोकांच्या तोंडी ते बाटले. एकाच घटनेला 'घेणे' म्हटले की माणूस कर्ता ठरतो, 'बाटणे' म्हटले की विटाळलेली वस्तू. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्या वियोगाचे जे दिवस लिहून ठेवले आहेत, ते या दोन क्रियापदांमधल्या दरीतच काढलेले आहेत.

मला वाटते, 'बुडणे' हा शब्द इतका अशुभ नव्हता. पौल रोमकरांस लिहितो तेव्हा या विधीत जुना माणूस मरतो व नवा उठतो, असाच अर्थ लावतो. बुडी मारणारा वर येतोच, हे वैतरणेकाठच्या पोरालाही ठाऊक असते. बाटलेल्याला मात्र वर यायला आपण जागाच ठेवली नाही.