झडप किती उघडायची?

नव्वदच्या दशकात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी फझी नियंत्रकाचं प्रात्यक्षिक मांडलं होतं. त्यात दोन नियम होते. तापमान जास्त आणि दाब जास्त, तर झडप उघडा. तापमान जास्त आणि दाब जास्त नाही, तरीही झडप उघडा. मग दाब विचारायचाच कशाला? मी तो प्रश्न खोडला, दोनाचा एक नियम केला, आणि झडप आधीपेक्षा जास्त उघडायला लागली. दोन दिवस मी वायरिंग तपासत बसलो.

माझी खोडण्याची सवय आली होती निर्णय-आकृत्यांमधून. 1959 मध्ये बेल लॅब्जच्या सी. वाय. ली यांनी स्विचिंग सर्किट ही 'हो की नाही' अशा प्रश्नांची साखळी म्हणून मांडली. 1978 मध्ये शेल्डन एकर्स यांनी तिला आजचं नाव दिलं. पण तिचं खरं सोनं केलं ते रँडल ब्रायंट यांनी, 1986 मध्ये. प्रश्नांचा क्रम ठरवून टाका, सारखे तुकडे एकत्र करा, आणि ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच जागी नेतात तो प्रश्नच काढून टाका. उरते ती आकृती एकमेव. दोन सर्किटं एकच काम करतात का, हे आकृत्या जुळवून कळतं. क्रम चुकला तर मात्र पंचाईत: ब्रायंट यांच्याच उदाहरणात सहा चलांचं एक सूत्र चांगल्या क्रमाने आठ गाठींत बसतं, वाईट क्रमाने सोळा लागतात. चलं वाढली की ही तफावत भयंकर होते.

फझीवाल्यांना हे हवंच होतं. पाच मापं, प्रत्येकाला सात शब्द, म्हणजे 16,807 नियम! एवढे लिहिणार कोण?

पण लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये 'हो' आणि 'नाही' यांच्यामधली भिंतच पाडली होती. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी आणि असिलियन यांनी त्यावर छोटं वाफेचं इंजिन चालवलं. 'आणि'साठी दोन आकड्यांतला लहान, 'किंवा'साठी मोठा. आता माझी झडप बघा. तापमान जास्त 0.9, दाब जास्त 0.4, जास्त नाही 0.6. पहिला नियम 0.4 देतो, दुसरा 0.6, मोठा 0.6. दाब खोडला की 0.9. दोन्ही उत्तरं एकाच जागी नेत होती, तरी प्रश्न निरर्थक नव्हता, कारण इथे दोन्ही वाटा एकदमच चालायच्या असतात, थोडी ही, थोडी ती.

लहान-मोठ्याऐवजी गुणाकार-बेरीज घेतली तर 0.36 अधिक 0.54, बरोबर 0.9. अट एकच, शब्दांच्या मात्रांची बेरीज 1 व्हायला हवी. अशी विभागणी एन्रिक रुस्पिनी यांनी 1969 मध्येच मांडली होती, तीही नियंत्रणासाठी नव्हे, आकडेवारीचे गट पाडण्यासाठी. मला मात्र ते फार उशिरा सापडलं.

मी सूत्र बदललं. आकृती लहान झाली, खोडलं तरी झडप हलेना. तेव्हा आमचे लॅब असिस्टंट म्हणाले, "सर, पण 0.6 बरोबर होतं की 0.9?"

त्यावर आकृतीत काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही टाकी पुन्हा भरली आणि तापमापकाजवळ स्टुलं ओढून बसलो.