दाराआडचा डोळा

रिक्षात बसल्यावर समोरच्या छोट्या आरशात चालकाचे डोळे कधी दिसले आहेत का? दिसले असतील, तर त्या क्षणी चालकालाही तुम्ही दिसू शकत होता, हे नक्की समजा. त्याच्या डोळ्यापासून निघालेला किरण आरशावरून परावर्तित होऊन तुमच्या डोळ्यात येतो. तुमच्या डोळ्यापासून निघालेला किरण त्याच वाटेने उलटा जातो. प्रकाशाचा मार्ग उलटवता येतो, हा नियम आपण वर्गात आरसा आणि भिंग शिकवताना सांगतो आणि आकृतीतील बाण उलटे करून पुढे जातो.

या नियमाचा एक अर्थ मात्र आकृतीत मावत नाही. पाहणे हा मुळात दुतर्फी व्यवहार आहे. मला तुम्ही दिसत असाल तर तुम्हालाही मी दिसण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. माणसाने मात्र हा व्यवहार एकतर्फी करण्याचा खटाटोप फार पूर्वीपासून चालवला आहे. आज घराबाहेर दिव्याच्या खोक्यात, कुंडीत किंवा पक्ष्यांसाठी टांगलेल्या लाकडी घरट्यात दडवलेला आणि स्वयंपाकघरातल्या पडद्यावर चित्र दाखवणारा कॅमेरा हे त्या खटाटोपाचे सर्वांत नवे रूप. तो इथवर कसा आला, ते पाहू या.

नियमाला बगल

प्रकाशाचा नियम मोडता येत नाही, पण त्याला बगल देता येते. पहिली युक्ती लहान भोकाची. आपल्या किल्ल्यांच्या तटबंदीत ठेवलेल्या जंग्या विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेल्या असतात. आतला माणूस डोळा फटीजवळ नेऊन बाहेरचा बराच भाग न्याहाळू शकतो. दुरून येणाऱ्याला मात्र नुसती काळी फट दिसते. दुसरी युक्ती उजेडातील फरकाची. भर दुपारी जाळीच्या पडद्याआडून रस्ता स्वच्छ दिसतो, पण रस्त्यावरून घरातले दिसत नाही. रात्री घरात दिवा लावला की हेच चित्र उलटे होते. तिसरी युक्ती माणसाच्या सवयीची. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील जुन्या घरांच्या वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर तिरका आरसा लावलेला असे. खुर्चीवर बसल्या बसल्या दारात कोण आले ते त्यात दिसे. त्या आरशाचे डच नाव ‘छोटा हेर’ अशा अर्थाचे आहे. दारातला माणूस वर पाहील तर त्यालाही आरशात घरातली व्यक्ती दिसेल, पण सहसा तो वर पाहत नाही, एवढाच काय तो आधार.

दारातले भिंग हीदेखील अशीच सोय. बाहेरच्या बाजूचे अंतर्गोल भिंग विस्तृत दृश्याची लहान, सुलटी, आभासी प्रतिमा तयार करते आणि आतल्या बाजूचे बहिर्गोल भिंग ती डोळ्याला जवळून पाहता येईल अशी करते. बाहेरून उलटे पाहणाऱ्याला घरातले काही कळत नाही. तरीही संध्याकाळी एक प्रयोग करून पाहा. घरातला दिवा चालू ठेवून बाहेर उभे राहा. भिंगात उजेडाचा ठिपका दिसेल. आतल्या माणसाने डोळा लावला की तो ठिपका काळा होईल. नियमाने आपले काम केलेच.

पाहणाऱ्याला लपवण्याचा विचार सर्वांत टोकाला नेला तो इंग्लंडच्या जेरेमी बेंथम यांनी. १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुरुंगाच्या आराखड्यात कोठड्या वर्तुळाकार होत्या आणि मध्यभागी देखरेखीचा मनोरा होता. मूळ कल्पना त्यांचे बंधू सॅम्युअल यांची. मनोऱ्याच्या खिडक्यांना पडद्या असायच्या, म्हणजे आत कोणी आहे की नाही हे कैद्याला कधीच कळू नये. प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा ‘कोणी पाहत असेल’ ही शंकाच अधिक काम करते, हे बेंथम यांनी ओळखले होते. दुकानांतून आज छताला लावलेले काळ्या घुमटाचे कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. भिंग कोणत्या दिशेला वळले आहे, ते घुमटामुळे दिसत नाही.

किरणाची तार झाली

इथपर्यंतच्या सर्व युक्त्यांमध्ये पाहणाऱ्याचा डोळा आणि पाहिला जाणारा यांच्यामध्ये प्रकाशाची एक अखंड वाट होती. दूरचित्रवाणीने ती तोडली. कॅमेऱ्यात शिरलेला प्रकाश तिथेच संपतो आणि पुढे जातो तो विद्युतसंकेत. दाराबाहेरून उलटे पाहिले तर पडद्यापुढचा माणूस दिसत नाही. या टप्प्यावर पाहणे खऱ्या अर्थाने एकतर्फी झाले.

१९४२ मध्ये जर्मनीत पेनेमुंडे येथे व्ही-२ अग्निबाणाची उड्डाणे सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने अशी बंदिस्त दूरचित्रवाणी वापरली. १९५० मध्ये अमेरिकेत व्हिडिकॉन नळी आली. प्रकाश पडला की विद्युतवाहकता बदलणाऱ्या पदार्थाचा पातळ थर आणि त्यावरून फिरणारा इलेक्ट्रॉनांचा झोत, अशी तिची रचना. आधीच्या नळ्यांपेक्षा ती लहान आणि स्वस्त असल्याने कॅमेरे कारखान्यांत आणि बँकांत गेले. घराच्या दारावर कॅमेरा हवा, हा विचार मात्र एका परिचारिकेने केला.

मेरी ब्राउन यांचे दार

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे. तिथे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन आपले पती अल्बर्ट यांच्यासह राहत. मेरी परिचारिका, अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ. दोघांच्या कामाच्या वेळा जुळत नसत. मेरींना अनेकदा रात्री घरी एकटीने राहावे लागे. भागात गुन्हे वाढलेले, आणि बोलावल्यावर पोलीस वेळेवर येतीलच याची खात्री नव्हती. रात्री दार वाजले तर उठून भिंगापर्यंत जायचे, म्हणजे दारापलीकडच्या अनोळखी माणसापासून एका फळीच्या अंतरावर उभे राहायचे. ही भीती हाच त्यांच्या संशोधनाचा प्रारंभ होता.

१ ऑगस्ट १९६६ रोजी या दांपत्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात मेरी यांचे नाव पहिले होते. २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे ३४,८२,०३७ क्रमांकाचे पेटंट मिळाले. रचना अशी होती : दारावर एकाखाली एक चार भोके. वरचे उंच माणसासाठी, खालचे लहान मुलासाठी. दाराच्या आतल्या बाजूला वर-खाली सरकणारा कॅमेरा. तो हव्या त्या भोकासमोर थांबवता येई. चित्र दारापासून दूर, घरातल्या दुसऱ्या खोलीतील पडद्यावर दिसे. बाहेरच्या माणसाशी बोलण्यासाठी ध्वनिक्षेपक आणि ध्वनिग्राहक. ओळखीचा माणूस असेल तर दूरनियंत्रणाने कडी उघडायची आणि धोका वाटला तर दुसऱ्या बटणाने मदतीसाठी इशारा द्यायचा.

आज ज्याला आपण ‘स्मार्ट’ दारघंटी म्हणतो तिचे जवळजवळ सर्व अवयव या आराखड्यात आहेत. शिवाय हा पहिला घरगुती कॅमेराही दडवलेलाच होता. येणाऱ्याला दिसत ती फक्त भोके. कोणत्या भोकामागे कॅमेरा आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मात्र चित्र पाहणारी व्यक्ती घरातली होती आणि चित्र तिच्याच दारातले होते. ज्या स्त्रीला सतत दुसऱ्यांच्या नजरेची धास्ती होती, तिने पाहण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. या शोधाचे नैतिक बळ इथे आहे, आणि पुढच्या इतिहासाकडे पाहताना ते विसरता कामा नये.

डोळा लहान झाला, वाट लांबली

मेरी ब्राउन यांचा कॅमेरा घरोघरी पोहोचायला चार दशकांहून अधिक काळ लागला, कारण नळीचा कॅमेरा अवजड आणि महाग होता. योगायोग असा की त्यांना पेटंट मिळाले त्याच १९६९ साली, ऑक्टोबरमध्ये, बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सिलिकॉनच्या प्रकाशसंवेदी चकतीची कल्पना मांडली. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९९०च्या दशकाच्या आरंभी अवकाशयानांसाठी लहान कॅमेरे हवे म्हणून एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत सीमॉस संवेदक विकसित केला. कॅमेरा नखावर मावू लागला तो यामुळे.

दुसरा धागा जाळ्याचा. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे भांडे भरलेले आहे की रिकामे, हे जागेवरून उठून न जाता कळावे म्हणून संशोधकांनी त्यावर कॅमेरा रोखला. चित्र १२८ × १२८ बिंदूंचे, काळे-पांढरे, मिनिटाला साधारण तीनदा बदलणारे. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आले आणि २००१ पर्यंत जगभरचे लोक ते भांडे पाहत राहिले.

त्यात १६,३८४ बिंदू होते. आजच्या साध्या घरगुती कॅमेऱ्याच्या चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. घरातल्या जोडणीवरून इतके पाठवणे परवडणारे नाही. पण भिंत आणि फाटक दर सेकंदाला बदलत नाहीत. म्हणून मुख्यतः बदललेला भागच पाठवायचा, या तत्त्वावरील संकोचन पद्धतींनी (२००३ मधील एच.२६४ हे प्रमाण त्यांपैकी एक) हा ओघ काहीशे पटींनी कमी केला. मग वाट मोकळी झाली. २०१३ मध्ये जेमी सिमिनॉफ यांनी ‘डोअरबॉट’ ही कॅमेऱ्याची दारघंटी विकायला काढली. तीच पुढे ‘रिंग’ झाली आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. २०१७ मध्ये ॲमेझॉनचाच ‘एको शो’ हा पडद्याचा उपकरणसंच आला. ‘दार दाखव’ म्हटले की चित्र हजर.

वेश आणि त्याचा भेद

आता वेशाकडे वळू. घराबाहेरचा कॅमेरा लोक दडवतात ते दोन कारणांनी : चोराने तो आधी फोडू नये आणि घराची शोभा बिघडू नये. पण कॅमेऱ्याची कामेही दोन आहेत. धाक दाखवणे आणि साक्ष देणे. धाकासाठी तो दिसला पाहिजे, साक्षीसाठी टिकला पाहिजे. दडवलेला कॅमेरा साक्षीदार असतो, पहारेकरी नव्हे.

वेशालाही पदार्थविज्ञानाच्या मर्यादा आहेत. रात्री पाहण्यासाठी कॅमेऱ्याभोवती अवरक्त दिवे असतात, सहसा ८५० किंवा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे. घरट्याच्या भोकामागे किंवा काचेमागे कॅमेरा ठेवला की हाच प्रकाश जवळच्या कडांवरून परततो आणि चित्र पांढरे पडते. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण त्या तरंगलांबीला सिलिकॉन कमी प्रतिसाद देत असल्याने पल्ला घटतो.

आणि भिंग तर लपतच नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइल उभा करा, बारीक झोताची विजेरी डोळ्याच्या अगदी शेजारी धरून त्याच्याकडे पाहा. एका कोनात भिंगातून चमकदार ठिपका परत येईल. भिंग प्रकाश संवेदकावर केंद्रित करते आणि तिथून परावर्तित झालेला काही प्रकाश आल्या वाटेनेच परततो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ते याच कारणाने. म्हणजे संवेदकापर्यंत निसर्गाचा दुतर्फी नियम शाबूत आहे. त्यापुढे तो संपतो.

तारेच्या पलीकडे कोण?

त्यापुढची वाट घरमालकालाही दिसत नाही, आणि इथे खरी अडचण आहे. मेरी ब्राउन यांचे चित्र दारातून खोलीत जात असे. आजचे चित्र दारातून दूरच्या संगणककेंद्रात जाऊन स्वयंपाकघरात परतू शकते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले सुमारे साठ ठरावीक नाव-परवलीशब्द वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे आणि ध्वनिमुद्रणपेट्या ताब्यात घेतल्या. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच माऱ्याने इंटरनेटवरील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने रिंग कंपनीवर आरोप ठेवला, की कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहता येत होती आणि एकाने स्त्रियांच्या खोल्यांतील हजारो चित्रणे पाहिली. ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. चोरापासून दडवलेल्या कॅमेऱ्याची दुसरी बाजू अशी उघडी असू शकते.

दारापुढून जाणाऱ्याचाही प्रश्न आहेच. चेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या वारंवार फोडल्या जात, म्हणून त्याने वळचणीला कॅमेरा लावला. त्यात रस्ता आणि समोरचे घरही येई. चित्रणावरून संशयित सापडले, पण त्यांपैकी एकाने कॅमेऱ्यालाच आव्हान दिले. डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक रस्ता टिपणारा कॅमेरा ही निव्वळ घरगुती बाब नाही, मात्र जीवित-मालमत्तेच्या रक्षणाचा हेतूही विचारात घ्यावा. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र व्यक्तीच्या घरगुती वापराला सूट दिली आहे. घर कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

जोवर प्रकाशच वाहक होता, तोवर पाहणाऱ्यावर निसर्गाचा थोडा तरी अंकुश होता. तो गेल्यावर त्याची जागा नियमांनी आणि सौजन्याने भरून काढावी लागते. कॅमेरा दडवा, पण पाटी लावा. रोख आपल्या फाटकापुरता ठेवा. परवलीशब्द बदला. शक्यतो चित्रण घरातच साठवा. शेजाऱ्याला पडदा दाखवून विचारा, ‘तुमचे अंगण यात येत नाही ना?’

वर्गात हा विषय घेताना विजेरीचा प्रयोग आधी करावा. मग शाळेच्या फाटकावरील कॅमेऱ्याबद्दल तीन प्रश्न मुलांपुढे ठेवावेत : तो काय पाहतो, ते चित्र कुठे जाते आणि ते कोण पाहते? पहिल्याचे उत्तर मुले स्वतः शोधतील. उरलेल्या दोन उत्तरांसाठी त्यांना मुख्याध्यापकांकडे जावे लागेल, आणि मुख्याध्यापकांना कदाचित आणखी कोणाकडे.