उद्याचा कागद

सोमवार, २ सप्टेंबर २०१९. सायंकाळी ६
लंडन, १० डाउनिंग स्ट्रीट. पंतप्रधान बोरिस जॉन्सन दारात उभे राहून सांगतात की त्यांना निवडणूक नको आहे. फाटकापलीकडून निदर्शकांच्या घोषणा त्यांच्या भाषणात घुसतात. त्यांच्या हुजूर पक्षाच्या खासदारांना तंबी पोहोचली आहे : उद्या सरकारच्या विरोधात मत दिलेत तर हकालपट्टी, पुढचे तिकीटही विसरा. ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याची, मुदत ३१ ऑक्टोबर. त्याआधी पाच आठवडे संसद संस्थगित ठेवायला राणीची संमती २८ ऑगस्टलाच मिळाली आहे. कराराविना बाहेर पडायला विरोध असणाऱ्यांकडे कामाचे मोजकेच दिवस उरतात, आणि त्या दिवसांत काय घ्यायचे हेही सरकारच ठरवणार.

मंगळवार, दुपारी २.३०
सुट्टीनंतर हाउस ऑफ कॉमन्स भरते. स्थायी आदेश १४ नुसार प्रत्येक बैठकीत सरकारी कामाला अग्रक्रम. हा हक्क सरकारचा वडिलोपार्जित नव्हे. १८८१ साली आयरिश खासदारांनी एक बैठक ४१ तासांवर ताणली. अशा अडवणुकीला कंटाळून सभागृहाने आपला वेळ थोडा थोडा करून सरकारच्या हवाली केला. १९०२ मध्ये सभागृह नेते बाल्फोर यांनी त्याला रेल्वेच्या वेळापत्रकासारखी शिस्त लावली. पण नियम सभागृहाचाच. ज्याने दिले तो परतही मागू शकतो.

दुपारी ३.४०च्या सुमारास
जॉन्सन जी-७ परिषदेवर निवेदन करत आहेत. त्यांच्याच पक्षाचे फिलिप ली उठतात, मधली जागा ओलांडतात आणि लिबरल डेमोक्रॅटांच्या बाकावर जाऊन बसतात. सरकारचे बहुमत एका मताचे होते, ते गेले. पंतप्रधान बोलतच असतात.

सायंकाळी ६.३०च्या सुमारास
हुजूर पक्षाचेच ऑलिव्हर लेटविन स्थायी आदेश २४ खाली तातडीची चर्चा मागतात. अध्यक्ष जॉन बर्को ती देतात. एरवी अशा चर्चेचा ठराव ‘सभागृहाने विचार केला’ इतकाच मिळमिळीत. आजच्या ठरावाला मात्र दात आहेत : उद्या आदेश १४ लागू नाही, आधी मजूर पक्षाच्या हिलरी बेन यांचे विधेयक. त्यानुसार १९ ऑक्टोबरपर्यंत संसदेने करार किंवा कराराविना बाहेर पडणे मंजूर केले नाही, तर पंतप्रधानांनी ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदतवाढ मागायची.

चर्चा चालू
सभागृह नेते जेकब रीस-मॉग यांचा मुद्दा पोकळ नाही : सरकारवर विश्वास नसेल तर अविश्वास ठराव आणा, सरकार ठेवून त्याचा कारभार हिसकावू नका. पण हे सांगणारे रीस-मॉग पुढच्या बाकावर चक्क आडवे पसरलेले दिसतात. सभागृहाचे कामकाज मांडणे हे त्यांचेच काम. ‘नीट बसा’ असा ओरडा होतो.

रात्री १०च्या सुमारास
खासदार दोन दालनांतून मोजले जातात. बाजूने ३२८, विरोधात ३०१. उद्याच्या कामकाजाचा कागद सरकारच्या हातून गेला.

मध्यरात्रीकडे
तंबी खरी होते. ठरावाच्या बाजूने गेलेल्या २१ हुजूर खासदारांची हकालपट्टी. त्यांत जुलैपर्यंत अर्थमंत्री असलेले फिलिप हॅमंड, १९७० पासून निवडून येणारे केन क्लार्क, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स. दुपारी एक गेला होता, रात्री एकवीस गेले. हे सरकारने स्वतःच घालवले.

बुधवार, ४ सप्टेंबर
बेन विधेयक एकाच दिवसात ३२७ विरुद्ध २९९ मतांनी पार. मग जॉन्सन स्वतःच निवडणूक मागतात. सोमवारी नको होती, बुधवारी हवी. दोनतृतीयांश म्हणजे ४३४ मते लागतात, पडतात २९८. देश चालवायला बहुमत नाही, निवडणुकीला जायला परवानगी नाही.

पुढचे तीन आठवडे
९ तारखेला विधेयकाचा कायदा होतो. त्याच रात्री, १० तारीख उजाडताना, संसद संस्थगित होते. कामकाज ठरवता येत नसेल तर कामकाजच बंद. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचे अकराही न्यायाधीश एकमुखाने म्हणतात, हे संस्थगन झालेच नाही. राणीचे प्रतिनिधी त्या रात्री संसदेत जणू कोरा कागद घेऊन आले होते.